उत्तराच्या संशोधनात माझा वाटा

३ जानेवारी. सकाळ.
दोन वर्षांनी वही उघडली. इतक्या उशिराने लिहितो आहे, वहीने माफ करावे. चष्मा सापडत नव्हता. माझी मुलगी उत्तरा हैदराबादला प्रोफेसर आहे. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेज पाहिले नाही, ती मुले तिथे स्वतःला कोण समजतात, यावर तिचा रिसर्च. उद्या माझी मुलाखत घेणार. मी सातवी नापास, पण विषय माझ्यापासूनच सुरू होतो. संकल्प: थोडेच बोलायचे.

४ जानेवारी.
दोन तास बोललो. हातमाग, उमरेडचे दिवस, सगळे सांगितले. ओघात हेही सांगितले की तिला पुण्याच्या हॉस्टेलमध्ये प्रवेश मिळाल्याचे पत्र आले होते, ते मी तारीख टळेपर्यंत सदऱ्याच्या खिशात ठेवले. बापाची काळजी रेकॉर्डवर यायला हवी. उत्तराने मशीन थांबवले, पाणी प्याली, पुन्हा सुरू केले. किती दिवस, विचारले. सतरा, म्हणालो. तिचे डोळे भरले. अभिमान, दुसरे काय. छापायला हरकत नाही अशा कागदावर सही मागितली. इंग्रजीत केली.

५ जानेवारी.
उत्तरा तीन दिवस आधीच परत गेली. कॉलेजवाल्यांना तिच्याशिवाय करमत नाही.  संध्याकाळी बायको गोपिका म्हणे, पत्र हरवलं म्हणून तुम्ही त पोस्टमनले भांडून आले होते ना? म्हटले, जुनी गोष्ट आहे.

२० फेब्रुवारी.
फोन नाही. बिझी असणार. शेजारच्या बबनरावांना सांगितले, पुस्तकात माझे नाव येणार. म्हणे, काहून गा, तू काय चपला झिजवल्या कॉलेजात? जळतो.

२ मे. दुपार.
लेख छापून आला. उत्तराने पाठवला नाही, सून मिनलने शोधला. दगा. माझे नावच नाही. माझ्या जागी कोणी रामाजी. हा कोण, विचारले. मिनल म्हणे, मामाजी, ते तुम्हीच. रिसर्चमध्ये नाव बदलावंच लागते. मग इंग्रजी लेख मराठीत सांगता सांगता थांबली. मी हट्ट धरला. ‘रामाजीने मुलीचे पत्र लपवले. तिचे वर्ष वाया गेले. मुलीला हे बावीस वर्षांनी, मुलाखत घेताना कळले.’
हातमागावर एक ओळ नाही. पोटच्या पोरीने सही घेऊन फसवले.

३ मे.
कॉलेजला तक्रार लिहायला बसलो. एक, नाव बदलले. दोन, पत्र लपवले नव्हते, ठेवले होते. गोपिका म्हणे, तिनं नाव टाकलं असतं त आपल्या नंदनवन वस्तीत तोंड कुठं दाखवलं असतं? दोन नंबरवर अडलो. पुढे लिहवले नाही.

९ मे.
फोन केला, उचलला नाही. मिनलकडून मेसेज टाकवला. इथे उतरवून ठेवतो.
उत्तरा, लेख ऐकला. रामाजीला काळजी नव्हती, भीती होती. गेलीस तर परत येणार नाहीस, असे त्याला वाटले. रागाने का होईना उत्तर लिही, पण लवकर.