सात चिलमी

अमडापूर, कार्तिक शुद्ध पंचमी

मेहकर मुक्कामी शेषरावांस महादेवाचा रामराम. तुमच्या भगिनीचा ताप उतरला, पेज पोटात राहते. तुमच्याकडील खुशाली कळवावी. मी कोणाकडे न शिकता, स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू अशा: विहिरीचा रहाट, दोन तिफणी, एक बैलगाडी (तिचे डावे चाक लंगडते, तो दोष रस्त्याचा), आणि या मानमोडीच्या साथीत सात चिलमी.

चिलमींचे कारण सांगतो. दवंडी झाली होती की, माणसांनी दूर दूर बसावे, एकमेकांचे उष्टे तोंडाला लावू नये. चावडीवर आम्ही सात जण रोज एकच चिलीम ओढणारे. दूर बसायला सर्व कबूल, पण चिलीम आली की सरकत सरकत गुडघ्याला गुडघा. म्हणून मी माती मळून, भाजून, प्रत्येकाची वेगळी चिलीम केली आणि खूण कोरली. शालिग्रामच्या चिलमीवर बैल, माझ्या चिलमीवर ओळंबा.

पहिल्या संध्याकाळी मंडळी ऐसपैस बसली. मग शेजाऱ्याला न देता एकट्याने ओढणे कसे दिसेल, म्हणून उकंडराव पाटलांनी आपली शालिग्रामला दिली, त्याने आपली कडूबाला. पूर्वी एक चिलीम सात तोंडे फिरे. आता सहा चिलमी सहा सहा तोंडे फिरल्या (हिशेबात चूक असल्यास दाखवावी). माझी मी दिली नाही, दुसऱ्याची घेतली नाही. शालिग्राम म्हणाला, “काऊन बे महादेवा, आमच्या तोंडात किडे पडले काय? लय मोठा सायब झाला तू.” त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, आणि आता बोलणार नाही. तो गेला, कडूबा गेला, कडूबाचा भाऊ गेला; सातांतले तिघे. शालिग्रामला खांदा द्यायला चौघे उभे राहीनात. लंगड्या चाकाच्या गाडीतून मीच नेला.

तुमच्या बहिणीला मी शालिग्रामच्या झुंबरबाईकडे जाऊ नको म्हटले होते. ती म्हणाली, “तिचा नवरा गेला. रडत्या बाईले दुरून कशी धरू?” गेली, आणि अंथरूण धरले.

ता. क. रविवारी सहकुटुंब भेटीस येतो असे तुम्ही लिहिले आहे. येऊ नये. हे तिचेच सांगणे: “त्याले लिहा, येऊ नको. आला तं मी उठून गळ्यात पडीन.”

आणखी ता. क. पाटलांनी काल निरोप धाडला, सात लांब नळ्यांचा एक हुक्का करून दे, म्हणजे पहिल्यासारखे सर्वांना एकच ओढता येईल, तेही दूर बसून. मी नाही म्हटले. चौघांना सात नळ्या लागत नाहीत. चाळीस रुपये देत होते.