बाल्कनीतले बंडखोर

१२ सप्टेंबर, शुक्रवार
आज मानवी संस्कृतीचा ऱ्हास पूर्ण झाला. माझा टॉवेल ड्रायरमधून हातरुमाल होऊन बाहेर आला. देश सोडला, म्हशीचं दूध सोडलं, कधी तक्रार केली नाही. पण पाठ पुसायला माणसाला पाठीएवढं कापड तरी हवं की नको? आमच्या कॉम्प्लेक्समध्ये बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी. आमच्या या पिस्कॅटवे गावात सूर्य उगवतो, फक्त तो भाडेकरूंनी वापरायचा नाही.
दुसरा टॉवेल धुऊन कठड्यावर टाकला. शुभा म्हणाली, "क्रांती झाली की हाक मार, पोळ्या टाकते."

१४ सप्टें., रवि
समोर कुणाचे तरी आईवडील आलेत. त्यांच्या कठड्यावर दोन साड्या. शेजारी चादरी. दुपारपर्यंत सगळा कॉम्प्लेक्स लग्नघर. कॉफी घेऊन बघत बसलो. पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.
संध्याकाळी केतकी आली. वरच्या मजल्यावर राहते, मूळची नागपूरची, इथे इतिहासात पीएचडी. विषय: १३८१ साली इंग्लंडात शेतकरी-कारागिरांनी बंड केलं, त्यात सामील असल्याचा ज्यांच्यावर आरोप आला ती माणसं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीसाठी मी त्यावर प्रहसन लिहितोय, म्हणून तिच्याकडून खटल्यांचे कागद आणलेत. हसून पुरेवाट. विणकर, खाटीक, शिंपी, जो तो म्हणतो मी नव्हतो, मला ओढून नेलं. भित्र्यांची नुसती रांग.
"काका, त्यातले काही खरंच नव्हते हो तिथे. गावातलीच माणसं ज्युरीत बसवायचे आणि शपथेवर नावं सांगायला लावायचे. कोणाचं जुनं भांडण, कोणाला स्वतःचं नाव वाचवायचं."
"म्हणजे आपल्या मंडळाची जनरल बॉडी."
हसली बिचारी.

१८ सप्टें., गुरु
मॅनेजर ब्रेन्डाने मेलबॉक्सपाशी गाठलं. मालकांकडे फोटो गेलेत, ते भडकलेत. सुरुवात कोणी केली? तुम्ही इथले जुने, तुम्हाला ठाऊक असेल.
म्हणालो, "वरच्या मुलीला विचारा. बंडांवर डॉक्टरेट करतेय ती."
ब्रेन्डा हसली नाही. फोनमध्ये काहीतरी टाइप केलं.
विनोद चांगला होता. आत्ता लिहितानाही वाटतंय, चांगला होता.

२५ सप्टें., गुरु
के.चं लीज रिन्यू करत नाहीयेत. ऑक्टोबरअखेर रूम सोडायची. कारण: नियमभंगाला चिथावणी. जिन्यात भेटली, डोळे सुजलेले. थीसिसचा ड्राफ्ट डिसेंबरात द्यायचाय, आणि तिच्या स्टायपेंडमध्ये जवळपास दुसरं काही परवडत नाही.
"मी तर कधी रुमालही बाहेर टाकला नाही, यार. माझं नाव आलं कुठून?"
मी म्हणालो, "अरेरे."
एवढी मोठी भाषा. त्यातून हे निवडलं.

२८ सप्टें., रवि
प्रहसन अडलंय. आरोपी घडाघडा बोलतात. नावं सांगणारा ज्युरीतला माणूस स्टेजवर येतो आणि गप्प उभा राहतो.
शुभाला सगळं सांगितलं. पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "पहिला कपडा कोणाचा होता?" एवढंच.

२ ऑक्टो., गुरु
हिंमत करून ऑफिसात गेलो. ब्रेन्डा जेवायला गेलेली. थांबलो नाही. परत येताना हायसं वाटलं. (हे वाक्य खोडायचं नाही.)

४ ऑक्टो., शनि
के. दारात, चिवडा घेऊन. म्हणाली ब्रेन्डाला मेल टाकला, त्यात लिहिलं: सॉरी, माझ्याकडून पुन्हा असं होणार नाही.
"अगं, पण तू काही केलंच नव्हतंस!"
"माझ्या कागदांतही आहेत ना असे, काका. काही न करता राजाकडून माफीपत्र घेऊन ठेवलेले. नाव एकदा लागलं की खरंखोटं कोण बघतं? कागद हवा हातात."
ती पानं वाचली होती मी. समासात लिहिलंय, माझ्याच अक्षरात: 'इथे हशा.'
मंडळाला कळवलं, प्रहसन होणार नाही. प्रकृतीचं कारण दिलं. तेही खोटं.

६ ऑक्टो., सोम
ब्रेन्डा होती. सांगितलं: पहिला टॉवेल माझा. त्या मुलीचा संबंध नाही. त्या दिवशी मी विनोद केला होता.
"विनोद तेव्हा करत होतात, की आता?"
इतकी वर्षं विनोदी लिहितोय, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिने मागितलं तसं लिहून दिलं, खाली सही. मालकांकडे पाठवते म्हणाली. पुढचं सांगता येत नाही. शिवाय, तुमचंही लीज मार्चमध्ये संपतंय, माहीत आहे ना?
घरी येऊन शुभाला सांगितलं. "बरं," म्हणाली आणि माझ्यासमोर चहा ठेवला.

११ ऑक्टो., शनि
मालकांचं उत्तर नाही. के.ला एडिसन गावात रूम बघायची होती, तिची गाडी गॅरेजात. मी नेलं. रूम तळघरात. खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसतात. "चालेल ना, काका?" असं विचारलं तिने, जणू माझ्या मताला काही किंमत आहे.
परतताना दोनदा सुरुवात केली. "केतकी, ऐक..." दोन्ही वेळा सिग्नल सुटला. म्हणजे विषय मीच सोडला असं म्हणू.
कॉम्प्लेक्स जवळ आल्यावर तिने पर्स उघडली. "पेट्रोलचे पैसे?"
"गेल्या हिवाळ्यात तू आम्हाला एअरपोर्टवरून आणलंस, त्या बर्फात. ती फेरी राहिली होती माझ्याकडे. फिटली."
"बापरे, लक्षात आहे तुमच्या! कोणाचं काही ठेवत नाही तुम्ही, काका."
ती उतरली. वरचा दिवा लागेपर्यंत गाडीतच बसून राहिलो.