देवघेवीचं प्रमाणपत्र

मेढा, रविवार दुपार

ती. संयोगितावन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा, म्हणजे अंजनाचा, वाकून नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. तुमचे भाऊ घोरतात, म्हणजे तेही बरे असावेत. तुमचे गुडघे कसे आहेत? सांगलीच्या एवढ्या मोठ्या ग्रंथालयाच्या ग्रंथपाल दिवसभर खुर्चीत असतात, तरी त्यांचेच गुडघे का दुखावेत हे मला कधी उमगलेलं नाही. (मोबाईलवर विचारलं असतं, पण तुम्ही निरोप वाचता आणि गप्प बसता. पत्राला निदान पोस्टमन साक्षीला असतो.)

तर तुम्ही माझं नाव घातलंत ती देवघेव कर्मचाऱ्यांची कार्यशाळा साताऱ्यात पार पडली. मेढ्यासारख्या ठिकाणी माणसं जुन्या वळणाची राहतात, असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात. बावीस वर्षं मी इथल्या काउंटरवर पुस्तकं देते-घेते आहे. बायकोच्या नावावर जादा पुस्तक कोण नेतो हे मी दारातल्या चपलांवरून ओळखते, आणि दुसऱ्याच्या नावावर पुस्तक नेण्याइतका हलकेपणा दुसरा नाही असं माझं मत आहे. पण आता म्हणे प्रमाणपत्र हवं. नसेल तर काउंटर सुटणार आणि मला वर्तमानपत्रांच्या खोलीत बसवणार, जिथं निवृत्त मंडळी अग्रलेख तोंडावर घेऊन झोपतात. नुसत्या विचारानं मला रडू येतं, वन्सं. म्हणून गेले.

शिकवायला विश्वजित सर होते, पुण्याचे, वय असेल अठ्ठावीस. त्यांनी जन्मात कुणाला पुस्तक दिलेलं नसावं (माझं पेन मात्र पहिल्या तासालाच घेतलं). पहिली सकाळ वाचकाकडं बघून हसायचं कसं, यात गेली. मेढ्यात मी अशी हसले तर लोक तुमच्या भावाला बोलावून आणतील. मग आंतरग्रंथालयीन देवघेव, म्हणजे आपल्या वाचकासाठी दुसऱ्या ग्रंथालयाचं पुस्तक मागवणं. एका टेबलाला सातारा म्हटलं, दुसऱ्याला सांगली. मध्ये चार फूट. आम्ही संगणकावर मागणी केली, ती मंजुरीला गेली आणि संध्याकाळपर्यंत मंजुरीतच राहिली. पुस्तक समोर दिसत होतं. शेवटी मी हात लांबवून उचललं, तर सर म्हणाले, याला प्रक्रिया म्हणत नाहीत.

दुसऱ्या दुपारच्या प्रात्यक्षिकासाठी तुमच्याच ग्रंथालयातून आलेली वीस पुस्तकं टेबलावर मांडली होती. जेवणाच्या सुट्टीत मी त्या टेबलामागं बसले, कारण पंखा तिथलाच चालू होता. वाढणाऱ्या शालूबाई पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "आवं बाई, ह्यातलं येखादं वाचाय मिळंल का? लय दिस झालं, काय वाचलं न्हाई." टेबलामागं मी, पुढं वाचक, माझ्या हातानं आपोआप चिठ्ठी लिहिली. नाव, दाखल क्रमांक, मुदत पंधरा दिवस. त्यांच्या मागं पहारेकरी, मग वायरमन, मग पाहुण्यांना महाबळेश्वरहून घेऊन आलेला टॅक्सीवाला रहिमान. रांगच लागली. अर्ध्या तासात एकोणीस पुस्तकं गेली.

सुट्टीनंतर सरांनी संगणक उघडला. पडद्यावर वीस पुस्तकं हजर, टेबलावर एक. मी एकोणीस चिठ्ठ्या पुढं केल्या. दोन दिवस 'वाचक खेचून आणा' म्हणून घसा कोरडा करणारा माणूस, वाचक खरंच आले म्हणून पांढराफटक पडला. उरलेलं विसावंही त्यांनी माझ्याच हवाली केलं आणि बजावलं की, वीसच्या वीस सांगलीला पोचल्याचं तुमच्या सहीचं पत्र आल्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नाही.

वन्सं, एकोणीसच्या एकोणीस मुदतीत परत आली. साताऱ्यातली शालूबाईंनी गोळा करून एसटीनं धाडली. रहिमान तर भर पावसात केळघरचा घाट उतरून आला, पुस्तक प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेलं, आणि विचारतो, "बाई, ह्याचा फुडचा भाग हाय का तुमच्याकडं?" सरांनी माझं पेन अजून दिलेलं नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुमची भावजय,
अंजना

ता. क. पुस्तकांचं पार्सल उद्याच्या सांगली गाडीनं येईल. वीस पोचल्याचं पत्र सरांना लगेच धाडावं. खाली बसून मोजू नये, गुडघे दुखतील.

आणखी ता. क. मोजलीतच तर एकोणीस भरतील. विसावं कुणीच नेलं नव्हतं, कारण ते विश्वजित सरांनीच लिहिलेलं होतं: काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शिका. थट्टा करायला म्हणून उघडलं, तर निम्मं झालं आहे. वाईट नाही. आंतरग्रंथालयीन देवघेवीचं प्रकरण मी दोनदा वाचलं. पंधरा दिवस मुदत वाढवून द्यावी.

शेवटचा ता. क. त्यात पान एकेचाळीसवर म्हटलं आहे की, कर्मचाऱ्यानं स्वतः ठेवून घेतलेल्या पुस्तकाचीही चिठ्ठी झालीच पाहिजे. मला पटलं. चिठ्ठी सोबत जोडली आहे. तुमच्याकडं बाहेरगावच्या माणसाला थेट पुस्तक देत नाहीत, म्हणून नाव तुमचं घातलं आहे.