तुमचा हात नातीला आला

बाबा, तुम्हाला नात आहे आणि ती बॉल फेकते. तुम्ही गेलात त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ती झाली, म्हणजे तिने तुम्हाला पाहिलेलं नाही, आणि तुम्ही कसे फेकायचात हे घरात तिला कुणी सांगितलेलंही नाही. खेळाचं नाव बेसबॉल. नांदुऱ्यात हा खेळ आला कुठून म्हणाल, तर शाळेतून आला; खेळाचं प्रमाणपत्र पोलीस भरतीत कामी येतं म्हणून पोरी उतरतात. एकीने जीव खाऊन बॉल फेकायचा आणि समोरचीने तो दांडक्याने मारायचा. फेकणारीला पिचर म्हणतात. सामना सात इनिंगचा असतो. तुमची नात पहिल्या पाच इनिंग बाकावर बसून राहते आणि शेवटच्या दोन उरल्या की तिच्या खेळाच्या बाई तिला आत सोडतात. मग समोरच्या पोरींची पाचावर धारण बसते. पहिला बॉल ती मुद्दाम कानाजवळून काढते. लागत नाही, पण केस हलतात. दुसऱ्या बॉलला समोरची अर्धा पाऊल मागे सरकलेली असते, आणि तिथून पुढचं काम सोपं असतं. आईला मी एकदा मेहकरच्या मैदानावर घेऊन गेलो होतो. तिने तो पहिला बॉल पाहिला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चाल घरी." रस्त्यात फक्त एवढंच बोलली, "हात तर त्यायचाच आला."

तुमचा हात मला आठवतो तो स्वयंपाकघराच्या दारातला. जिनिंगच्या कारखान्यातून तुम्ही येता, मिशीत कापसाचे तंतू, डोळे लाल. भाजीत मीठ कमी असतं, किंवा नसतंही कमी. तुम्ही पाण्याचा तांब्या उचलता, सगळं पाणी माझ्या पाटीवर सांडतं, आणि तांब्या आईच्या कानाजवळून जाऊन मागच्या भिंतीवर आदळतो. नेम चुकला म्हणून तो कानाजवळून जात नसे, तुमचा नेमच तो होता. आई हलत नसे. हलली तर लागेल हे तिला माहीत झालं होतं. एकदाच नेम चुकला. भुवई फाटली आणि रक्त परातीतल्या पिठात पडलं. तिने एका हाताने भुवई दाबून धरली, दुसऱ्या हाताने लाल झालेलं पीठ बाजूला काढलं आणि उरलेल्याच्या भाकरी केल्या. त्या भाकरी आपण तिघांनी खाल्ल्या, बाबा. तुम्ही त्यातल्या दोन खाल्ल्यात आणि आणखी मागितलीत.

राग तुमचा टिकायचा नाही, हेही सांगायला हवं. भिंतीचा पोपडा खाली पडेपर्यंत तो उतरलेला असायचा. मग ओसरीवर बसून तुम्ही त्याच तांब्याचा पोचा कपडे धुवायच्या मोगरीने ठोकून काढायचात, तोंडाने काहीतरी गुणगुणत, जणू तो बाजारातच तसा मिळाला होता. आईच्या माहेरचं नाव कोरलेला तो तांब्या अजून आहे. इतका ठोकलाय की खाली ठेवला की डुगडुगतो.

आणि एकदा मी मध्ये उभा राहिलो. ठरवून वगैरे नाही, पाय गेले. तांब्या माझ्या पंजात येऊन बसला आणि करंगळी कटकन मोडली. "मधात काऊन आला बे?" म्हणत तुम्ही माझ्या कानशिलात भडकावलीत. दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही मला बोटाला फडकं बांधून जिनिंगवर नेलंत आणि फाटकाजवळच्या टपरीवर सगळ्यांना दाखवलंत. "पोट्टं पाहा माह्यं. फेकलेला तांब्या झेलते." माणसं हसली. तुम्ही मला भजी घेऊन दिलीत, गरम, कागदातून तेल गळत होतं. तुमच्याकडून मिळालेली शाबासकी तेवढीच. मला तुमचा राग यायला हवा होता. मी दिवसभर छाती फुगवून फिरलो.

आता मुद्द्यावर येतो. मागे लोणारच्या शाळेशी सामना होता. शेवटच्या इनिंगला तुमच्या नातीचा बॉल कानाजवळून न जाता त्या पोरीच्या तोंडावर बसला. तिचा खालचा ओठ तिच्याच दातांनी आरपार फाटला. ती गुडघ्यावर बसली, तोंडाखाली ओंजळ धरून, आणि ओंजळ भरत गेली. आमची पोरगी जागेवरून हलली नाही. पुढचा बॉल हातात घेऊन उभी होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण सामना आम्ही जिंकत होतो. घरी येऊन ती मोरीत ओकली, मग हात धुऊन जेवली.

त्यानंतर तिच्या बाई घरी आल्या. जानेफळच्या आहेत, मनाने वाईट नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, सगळे म्हनून राह्यले का हिले पहिल्या इनिंगपासून टाकू द्या. एवढी चांगली पोरगी बाकावर कायले बसवता म्हनते. पन दोन इनिंगात जमते ते सातात जमन काय? मले भेव वाटते." मी विचारलं, बाकावर तुम्ही तिच्याशी काय बोलता. तर चूल पेटवायची रीत सांगावी तसं त्यांनी सांगितलं, "तिकडली पोरगी तुले हसून राह्यली म्हनतो. तुह्या मायचं नाव काढलं म्हनतो. तापली का सोडतो." मी म्हणालो, बाई, दोनच इनिंग राहू द्या. मला भेव वेगळंच होतं. दोन इनिंगांत एक ओठ फाटतो, तर सातांत किती, हा हिशोब मी करत होतो.

पोरगी दाराआड होती. बाई गेल्यावर बाहेर आली आणि म्हणाली, "पप्पा, मले पहिल्यापासूनच टाकायचं हाय."

"काऊन? अजून कोनाचं तोंड फोडायचं राह्यलं?"

"बाकावर बसून मी राग गोळा करत राहते. मंग आत गेलं का तो फेकाच लागते. सात इनिंग राग नाई पुरत, पप्पा. मंग नुसत्या हातानं टाकावं लागन."

माझ्या मनात आलं की तुम्हालाही कुणीतरी दिवसभर फेकायला लावायला हवं होतं, सकाळपासून, घरातली सगळी भांडी. दुपारपर्यंत दमला असतात आणि संध्याकाळी गुमान जेवला असतात. मी बाईंना फोन करून हो म्हटलं.

परवा बुलढाण्याला सामना झाला, पुन्हा लोणारशीच. ती पहिल्या इनिंगपासून उतरली आणि तिने मार खाल्ला. कानाजवळून एकही बॉल गेला नाही आणि समोरच्या पोरी निवांत उभ्या राहून धोपटत होत्या. मागून लोक ओरडत होते, पिचर बदला, हिले आत्ताच कायले आनली. चौथ्या इनिंगला ती ओठ शिवलेली पोरगी समोर आली. तिने दांडकं असं घातलं की बॉल सरळ परत आला आणि आमच्या पोरीच्या हनुवटीवर बसला. आवाज आला तो मला तांब्याचाच वाटला. ती कोलमडली, उठली, गळ्यापर्यंत रक्त. बॉल तिच्या पायाशी होता आणि मारणारी जीव तोडून पहिल्या बेसच्या खुणेकडे पळत होती. बेसवर बॉल तिच्याआधी पोचला तर ती बाद. आमच्या पोरीने बॉल उचलला. हात वर गेला, तोच हात, बाबा, खांद्यामागे वळलेलं मनगटसुद्धा तेच. पळणाऱ्या पोरीचं तोंड अगदी टप्प्यात होतं.

तिने तो बेसवर फेकला. पोरगी बाद झाली. हनुवटीला फडकं बांधून आमची पोरगी सातही इनिंग टाकत राहिली आणि आम्ही एका धावेने हरलो. बाई म्हणाल्या, आता हिले बाकावर नाई बसवत. आईने तिच्यासाठी पातळ खिचडी केली आणि तो डुगडुगता तांब्या तिच्या ताटाजवळ ठेवला.

आत्ता आई विचारतेय, काय लिहून राह्यला. मी म्हणालो, अडतीच्या दुकानातला हिशोब. खरं तर हे तिला वाचून दाखवावं म्हणूनच बसलो होतो. नाही दाखवणार. बॉल पोरीच्या पायाशी पडला होता तेव्हा कुंपणापासून कुणीतरी ओरडलं होतं, "मार तिले, तोंडावर मार." तो मीच होतो. पोरीने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग बॉल बेसवर फेकला. आणि बाबा, ओरडताना मला वाईट वाटलं नव्हतं. जिनिंगच्या फाटकाशी गरम भजी खाताना वाटलं होतं, तसंच वाटलं.