आहेरातला कॉम्प्युटर

मळ्यातून, कवठे महांकाळ
मंगळवार, जेवणानंतर

शिवतेज यास,

चिरंजीव लिहावं तर तू माझ्याच वयाचा, तीर्थरूप लिहावं तर तुझे गुण तसे नाहीत, म्हणून नुसतंच नाव लिहिलं आहे. बिरदेवचा नमस्कार घे. इकडे आई, शेळ्या आणि मी सुखरूप आहोत. तुझी प्रकृती सांगलीच्या विश्रामबागेत उत्तमच असणार, कारण तिथे जयराज आहे. (जयराजची प्रकृती मी विचारलेली नाही, हे ध्यानात घे.) फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन केला की मागून गोळीबार ऐकू येतो आणि तू नुसतं "हं, हं" करतोस. परवा आईला ताप आलाय म्हणून सांगितलं, तर तू म्हणालास, "उडीव त्याला." आईचा ताप उतरला आहे. माझा नाही.

तू सांगलीत नोकरी धरलीस याला माझी हरकत नव्हती. पण शेजारच्या खोलीत जयराज निघावा आणि त्याच्याकडे रंगीत दिव्यांचा गेमिंग कॉम्प्युटर निघावा, हे माझं नशीब. अरे, बेदाण्याच्या शेडमध्ये आपण दोघं एकाच फुटक्या फोनवर खेळायचो. पळायचं काम तुझ्या डाव्या अंगठ्याकडे, बंदूक माझ्या उजव्या अंगठ्याकडे. दोन घरांतले अंगठे, पण कधी चुकले नाहीत. आता तुझा रविवार जयराजचा झाला आहे. माझा जळफळाट होतो, लपवायचं कशाला? म्हणून ठरवलं, आपणही कॉम्प्युटर जोडायचा, जयराजपेक्षा भारी, आणि मग बघू रविवारी तू कुठली एसटी पकडतोस ते.

नव्या घराची वास्तुशांत तोंडावर आली होती. आपल्याकडे वास्तुशांतीला टोपी-टॉवेलांचा किती ढीग पडतो, ते तुला ठाऊक आहे. (मागच्या पिढीतले टॉवेल अजून घड्या न मोडता गावभर फिरताहेत.) मी सगळ्या पाहुण्यांना निरोप धाडला की टोपी-टॉवेल नको, भिंतीवरचं घड्याळ नको, कॉम्प्युटरचा एकेक पार्ट आणा. कल्पना माझीच, आणि तेव्हा ती मला फार हुशारीची वाटली होती. कुणी काय आणायचं ते सांगितलं. कशाला काय बसतं, ते सांगायचं राहिलं. ते मलाच माहीत नव्हतं. बल्ब जसा कुठल्याही होल्डरला बसतो, तसंच हेही असेल, असं वाटलं.

दादासोमामा आणि अर्जुनाकाका यांचं माझ्या बारशापासून पटत नाही. एकमेकांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. दोघांनी दोन दुकानांत जाऊन "सगळ्यात भारी" एवढंच मागितलं आणि चार दिवस आधीच डब्यांचे फोटो वास्तुशांतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले. वास्तुशांतीला माइकवरून पुकारा झाला, "मामांच्याकडून मदरबोर्ड!" आणि हलगी वाजली. मग "काकांच्याकडून प्रोसेसर!" आणि हलगी जास्त वाजली, कारण हलगीवाला काकांच्या गावचा. गुरुजींनी दोन्हींवर अक्षता टाकल्या. (बोर्डाच्या फटींतल्या अक्षता मी अजून चिमट्यानं वेचतो आहे.) चंद्राआत्यानं कॅबिनेट आणलं, पण लहानातलं लहान, कारण मोठं धूड सोप्यात शोभत नाही. ग्राफिक्स कार्ड मी स्वतः घेतलं, तीन पंख्यांचं. ते पिशवीतल्या शेवग्याच्या शेंगेसारखं कॅबिनेटच्या बाहेर राहतं. झाकण लागत नाही.

खरी गंमत पुढेच. काकांचा प्रोसेसर मामांच्या बोर्डात बसेना. कंपनी वेगळी, खाच वेगळी, सगळंच वेगळं. आई म्हणाली, "सुताराला बोलीव की. दोन भोकं पाडून दील." मी म्हटलं, दुकानात जाऊन बदलून आणतो. झालं! आहेर बदलतात का कधी? मामा म्हणाले, "भाच्याला दिल्याला आहेर परत कराय ती काय चप्पल हाय व्हय?" काका म्हणाले, "बोर्डच बोगस असंल रं. माझ्या प्रोसेसरला काय धाड भरलीया?" आता बोर्ड बदलला तर आईचं माहेर तुटतं, प्रोसेसर बदलला तर भावकी. मधल्या मध्ये मी.

आणि त्या दिवशी तू काय केलंस? पंगती उठल्यावर आलास, जयराजनं दिलेला एक पुडा माझ्या हातात कोंबलास, "बाकीचं ऱ्हाऊ दे, आदी हे उघड" म्हणालास, अर्धी जिलेबी खाल्लीस आणि "जयराजसंगं मॅच हाय" म्हणून पळालास. वास्तुशांत माझी आणि मॅच त्याची! मी तो पुडा न उघडता शेडमध्ये क्रेटांमागं भिरकावला. जयराजचं मला काही नको.

सबब कॉम्प्युटर आपल्या नशिबात नाही. मी खेळाचा नाद सोडला आहे आणि शेळ्यांत मन रमवतो आहे. शेळ्या रविवारीही इथंच असतात. तुमचं चालू द्या. उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

तुझा एके काळचा उजवा अंगठा,
बिरदेव

ता. क. उत्तर पाठव.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालणार, तेवढ्यात क्रेट हलवताना तो पुडा फुटला. (मी उघडला नाही, फुटला.) आत जयराजचा जुना बोर्ड. काकांचा प्रोसेसर त्यात असा बसला की मला रागच आला. ग्रुपवरचे फोटो तूच त्याला दाखवले असणार आणि मामांचा बोर्ड आणि काकांचा प्रोसेसर जुळत नाही हे त्यानं डबे बघूनच ओळखलं असणार. म्हणजे तुम्ही दोघं माझ्याविषयी बोलता. याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, ते अजून ठरलं नाही. मामा आले की उघड्या कॅबिनेटवर टॉवेल टाकायचा, म्हणजे कुणाचा बोर्ड आत आहे ते दिसणार नाही. (एक टॉवेल आलाच होता.)

ता. क. तिसरा. एवढं करून चालू होत नाही. वायरी फार आहेत. रविवारी जयराजला घेऊन ये. मी बोलावलंय म्हणू नकोस. बेदाणे खायला चल म्हण. स्क्रीनपुढं दोन खुर्च्या मांडल्या आहेत. कीबोर्डवर पळायचं काम तुझं, माऊसवर बंदूक माझी. जयराजसाठी तिसरी खुर्ची आणून ठेवली आहे. जरा लांब.