क्लॅपच्या आधीचा चेहरा

३ मार्च, मंगळवार. पिस्कॅटवे
साठ वर्षांपूर्वीच्या त्या रेसिंग सिनेमाची न वापरलेली रिळं सकाळपासून स्कॅन करतेय. अकराच्या सुमाराला हात थांबला. हीरो गाडीत बसलाय, डोक्यावर त्याचं ते लाल हेल्मेट. शॉट सुरू करणारा क्लॅप पडायच्या आधी हेल्मेटची काळी काच वर करून तो सरळ कॅमेऱ्याकडे बघतो. आणि तो हीरो नाहीच! नाक वेगळं, हनुवटी वेगळी. मग काच खाली, क्लॅप, गाडी सुटली.
'आमचा हीरो स्वतः गाडी चालवतो' असं पोस्टरवर छापलं होतं. त्याच वर्षी दुसरी एक कंपनी रेसिंगवरच सिनेमा काढत होती, आणि त्यांचा हीरो खरंच चालवायचा. आपण मागे पडू म्हणून यांनीही ठोकून दिलं. मेले थापाडे.

४ मार्च
साहेबांना, म्हणजे रॉबला, दाखवलं. त्याचा चेहरा पडला. सिनेमा नव्यासारखा करायचं काम हीरोच्या मुलांनीच आमच्या लॅबला दिलंय. "डिलीट इट. क्लॅपच्या आधीचं म्हणजे कचरा." नाही केलं तर? "मग सोमवारनंतर तू दुसरीकडे नोकरी बघ."
रीळ पहिल्या फ्रेमपासून स्कॅन करायचं, कचरा कुठला ते आपण ठरवायचं नाही. हे या माणसाला मीच शिकवलंय!
नवऱ्याला, अ.ला, जेवताना सांगितलं. "यार, तुझं काय जातंय? कर डिलीट, मोकळी हो." भाजी खारट झाली होती, त्यावर नवरा एक शब्द बोलला नाही. म्हणजे घाबरलाय.

७ मार्च, शनिवार
शूटिंगच्या जुन्या कागदांत ड्रायव्हरचं नाव मिळालं. वॉल्ट. जिवंत आहे, पेनसिल्व्हेनियात, नव्वदीला टेकलाय. फोन केला. वाटलं, गहिवरेल बिहिवरेल. तर खेकसलाच, "इतकी वर्षं लागली?"
कुठे बोलायचं नाही, अशा कागदावर त्याची सही घेतली होती. म्हणून बोलला नाही. पण प्रत्येक टेकला क्लॅपच्या आधी काच वर करायचा. मुद्दाम! "बोलू नको असं लिहिलं होतं. चेहरा दाखवू नको असं नव्हतं लिहिलं."
रिपोर्टमध्ये तुमचं नाव घालू का, विचारलं.
"पूर्ण घाल."
फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच हसत बसले. मग रडू आलं, रागानं.

९ मार्च, सोमवार
लवकर गेले. उरलेली रिळं काढली. पावसात, धुळीत, एकदा तर खोकत खोकत, दर वेळी काच वर. कुणी बघितलंच नाही इतकी वर्षं…
काहीही डिलीट केलं नाही. स्कॅनच्या रिपोर्टमध्ये गाडी चालवणाऱ्याच्या जागी हीरोचं नाव आधीच टाइप होऊन आलं होतं. ते काढलं, वॉल्टचं पूर्ण नाव घातलं, खाली माझी सही. रॉबला पाठवला, हीरोच्या मुलांनाही. नोकरी गेली तर गेली. खोट्याखाली मी सही करणार नाही.
आता साडेअकरा. रॉबचे दोन मिस्ड कॉल. तो स्वतःच जिना चढून येतोय, पावलं ओळखते मी त्याची. येऊ दे. समोर भिंतभर पडद्यावर काच वर केलेल्या वॉल्टला थांबवून ठेवलंय.