आबांच्या नडगीवरचा व्रण

श्रीगोंदा, रविवार, १५ डिसेंबर

उद्या शाळेत आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, 'युद्धात जखमी झालेले जवान' म्हणून सत्कार आहे आणि परिचय मी करून द्यायचा आहे. एकाहत्तरला ते पायदळात होते. डाव्या नडगीवर गोळीचा व्रण आहे, असे सारे गाव सांगते. मग पाहुणे आले की ते मोजा वर का ओढतात?

आज ते पाय धूत असताना तो व्रण नीट पाहिला. गोळीची खूण अशी लांब, तिरकी? ऊस तोडताना निसटलेला कोयता नेमका डाव्या नडगीवर येतो. आमच्या शाळेतल्या मुलांच्या ऊसतोड करणाऱ्या पालकांच्या पायांवर अगदी असेच व्रण...

"मास्तरीण, पायाचा पेपर तपासतीस व्हय?"

"आबा, हा कोयत्याचा ना?"

"व्हय. लढाईतनं धडधाकट आलो. फौज सोडल्यावर ऊस तोडाय गेल्तो, तवाचा हाय. गोळी लागली असं मी कवा म्हनलो? गाव म्हनलं."

"मग उद्या खरं सांगू?"

"तू शिकलेली. तुला पटंल ते सांग."

खरेच, ते तसे कधी म्हणाले नव्हते. पण नाकारलेही नव्हते. परिचयातली 'शत्रूची गोळी' मी खोडली आहे. दोरीवर मात्र उद्यासाठी आबांनी स्वतः धुतलेले मोजे वाळत आहेत. गुडघ्यापर्यंतचे.